अळंबीची ओळख

वसंतातील पावसाच्या सरी पडून गेल्या, की उद्यानातील कुजक्या ओंडक्यांवर, पालापाचोळ्यात आणि हिरवळीवर रातोरात छत्र्या उभ्या राहतात. युरोप-अमेरिकेतील अनेक गावांत अशा वेळी एखादा जाणकार नागरिकांना सोबत घेऊन अळंबी-दर्शनाची फेरी काढतो. ही प्रथा जुनी आहे. इंग्लंडमधील हेरफर्ड येथील वूलहोप निसर्गमंडळाने १८६८ मध्ये अशी सामूहिक भटकंती सुरू केली.

वरवर पाहता हा फावल्या वेळचा छंद वाटतो. परंतु त्याचे मोल प्राणांइतके आहे. एप्रिल २०२२ मध्ये आसामात विषारी अळंबी खाल्ल्याने दिब्रुगडच्या रुग्णालयात १३ जण दगावले. त्यांतील बहुतेक जण चहामळ्यांतील कष्टकरी कुटुंबांतले होते. भाजी म्हणून जे घरी आणले, तेच घातक ठरले.

अळंबी ही वनस्पतीही नव्हे आणि प्राणीही नव्हे. १९६९ मध्ये रॉबर्ट व्हिटेकर यांनी सजीवांची पाच सृष्टींत विभागणी केली, तेव्हा कवकांना स्वतंत्र स्थान दिले. जमिनीवर दिसते ते केवळ फळ. खरा जीव मातीत किंवा लाकडात तंतूंच्या जाळ्याच्या रूपाने पसरलेला असतो. तो पालापाचोळा कुजवून मातीला तिचे सत्त्व परत देतो.

फेरीत प्रथम शिकावे लागते ते पाहणे. छत्रीखाली पापुद्रे आहेत की छिद्रे, देठाभोवती कडे आहे का, बीजाणूंचा रंग कोणता, हे सारे तपासावे लागते. ‘डेथ कॅप’ या अतिविषारी अळंबीच्या देठाच्या तळाशी पिशवीसारखे आवरण असते. ते बहुधा मातीत दडलेले असते. देठ वरून मोडून घेणारा नेमकी धोक्याची खूण मातीतच सोडून येतो.

चांदीचे नाणे काळे पडले नाही, किड्यांनी कुरतडले आहे, म्हणून अळंबी निर्धोक, हे समज सर्वस्वी खोटे आहेत. डेथ कॅपचे विष शिजवूनही नष्ट होत नाही. त्याची लक्षणे साधारणतः सहा तासांनंतर दिसू लागतात. मध्येच रोग्याला बरे वाटते. पण त्याच काळात यकृत निकामी होत असते.

अशा फेऱ्यांमुळे लोक अधिकच धाडसी होतील, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. एका फेरीने कोणी जाणकार होत नाही आणि फेरीत पाहिलेले पानात वाढायचे नसते, हे मार्गदर्शकाने प्रारंभीच बजावले पाहिजे. मात्र केवळ बंदीचा फलक लावून भूक थांबत नाही. कोकणात अळंबी, गोव्यात ओळमी पिढ्यानपिढ्या खाल्ली जाते. तेथील जाणत्या स्त्रियांना ती नेमकी ओळखता येते. परंतु ती ओळख त्या भूमीपुरतीच असते. आग्नेय आशियातून कॅलिफोर्नियात गेलेल्या काही स्थलांतरितांनी डेथ कॅपला मायदेशातील ओळखीची अळंबी समजून खाल्ले आणि ते विषबाधेला बळी पडले.

म्हणून ही फेरी शहरी उद्यानापुरती राहू नये. चहामळे, वनवस्त्या आणि गावातील शाळा येथे ती आधी पोहोचली पाहिजे. स्थानिक जाणकार आणि वनस्पतिशास्त्राचे शिक्षक यांनी ती मिळून चालवावी. ‘ही अळंबी ओळखता येत नाही, म्हणून ती खायची नाही’ एवढे म्हणण्याचा विवेक मुलांच्या अंगी आला, तरी त्या फेरीचे सार्थक झाले.