तणाचे बी माघातच अडवा

माघ सरत आला की वेरूळचा डोंगर पिवळा पडतो. सागाची पाने गळतात, कुसळी गवत वाळून आडवे होते, येळगंगेची धार बारीक होते. पावसाळ्यात उगवलेले रानातले तण आपले बी टाकून कधीच वाळून गेलेले असते. हिरवे राहते ते फक्त आपण पाणी घालतो तिथे: लेण्यांपुढची हिरवळ, घृष्णेश्वराच्या वाटेवरची फुलझाडे, घरांचे आणि हॉटेलांचे वाफे, नळाखालची ओल. तणालाही आता एवढीच जागा उरलेली असते. आपल्याच पाण्यावर ते फुलते, बी धरते आणि मृगाची वाट पाहते. म्हणून खुरपणीवरचा मोठा खर्च पावसाळ्यासाठी राखून न ठेवता माघ-फाल्गुनातच करावा, असे आमचे ठाम मत आहे.

गाजर गवताचेच पाहा. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात नोंदल्या गेलेल्या या गवताने पुढे सारा देश व्यापला. एका झाडापासून १० ते २५ हजार बिया तयार होऊ शकतात. त्याला खाणारा मेक्सिकन भुंगा १९८४ मध्ये बंगळूर परिसरात सोडला गेला आणि पुढे इतरत्रही पसरला. पण तो पावसाळ्यातला कामगार. कोरड्या महिन्यांत तो जमिनीत निपचित पडून असतो. या दिवसांत आपल्या हाताखेरीज गाजर गवताला आवरणारे कोणी नाही.

महाशिवरात्रीला घृष्णेश्वरी मोठी गर्दी लोटते. यात्रेआधी चार दिवस विळे निघतात, तण वरच्यावर छाटले जाते आणि वाफा स्वच्छ दिसतो. मुळे मात्र तशीच राहतात. छाटलेले गाजर गवत बुडातून पुन्हा फुटते आणि पाडव्याच्या आसपास बुटक्या झाडावरच फुले धरते. ही सफाई डोळ्यांपुरती आहे. तेवढ्याच मजुरीत अर्धेच वाफे झाले तरी चालतील, पण ते मुळासकट व्हावेत.

त्यासाठी वाफसा साधला पाहिजे. काळी जमीन कोरडी असेल तर मूळ तुटते, चिखल असेल तर माती खुरप्याला चिकटते. हलके पाणी देऊन वाफसा आला की केना, माठ, दुधी, गाजर गवत अखंड मुळासकट निघते. लव्हाळ्याचे तंत्र उलटे आहे. वरचा कोंब खुरपला की जमिनीतल्या झोपलेल्या गाठी जाग्या होतात. हंगामी फुले संपलेल्या वाफ्याचे पाणी तोडा, तो वीतभर खोल खणा आणि गाठी वेचून काढा. नजरेतून सुटलेल्या गाठींसाठी ढेकळे उन्हात उलटीपालटी करत राहा. मराठवाड्याचे ऊन आपल्याला फुकट मिळते, ते या कामी लावा.

काढलेले तण वाफ्याच्या कडेला टाकू नये. फुलावर न आलेले गाजर गवत खुशाल कंपोस्टात घाला. पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी रूढ केलेली नाडेप टाकी त्याला उत्तम. फुललेले झाड मात्र कच्च्या खताच्या ढिगात गेले, तर खताबरोबर बीही वाफ्यात परत येते. अर्धवट कुजलेल्या शेणखताचाही हाच धोका.

रिकामी झालेली माती उघडी ठेवू नका. याच दिवसांत पानगळ होते, आणि तो पाला आपण पेटवून देतो. दोन-तीन इंच जाडीचा पाल्याचा थर वाफ्यावर दिला की उन्हाने उडणारी ओल टिकते आणि उजेड न मिळाल्याने बारीक बी उगवत नाही. झाडाच्या बुंध्यापासून तो थोडा दूर ठेवावा आणि अधूनमधून ओलसर करावा.

लेण्यांच्या परिसरात काम करणाऱ्यांना एक वेगळी विनंती. बेसाल्टच्या भेगेत पिंपळाचे किंवा उंबराचे रोप दिसले तर ते स्वतः उपटू नका. मुळाबरोबर दगडाचा कपचाही निघू शकतो. जागा टिपून पुरातत्त्व खात्याच्या संवर्धन विभागाला लगेच कळवा. दोन पानांचे रोप आज सहज काढता येते. मूळ भेगेत शिरल्यावर ते काम अवघड होऊन बसते.

हे सारे काम प्रत्यक्षात करतात त्या खुरपणीच्या बाया. गाजर गवताच्या स्पर्शाने अंगावर चट्टे उठतात, त्याच्या परागाने दम लागतो. तरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि नाका-तोंडाला फडके या गोष्टी आजही त्यांनी आपल्या पदरच्या आणाव्यात, असेच गृहीत धरले जाते. बागेचा ठेका देणाऱ्यांनी हा खर्च ठेक्यातच लिहावा. ऊन तापण्याआधी काम उरकेल अशा वेळा ठरवाव्यात.

वाचकांनी यंदा शेजारशेजारचे दोन वाफे निवडावेत. एकात आता मुळासकट खुरपणी करून पाला पसरावा, दुसऱ्यात नेहमीची छाटणी करावी. मृगाच्या पावसानंतर पंधरा दिवसांनी दोन्हींतली उगवलेली तणे मोजावीत, दोन्हींवर लागलेली मजुरीही टिपून ठेवावी. या नोंदी आमच्याकडे पाठवा. गावाचे नाव, जमिनीचा प्रकार आणि तणांची नावे लिहायला विसरू नका. पुढच्या माघात खुरपणीसाठी पैसे मागताना मालकापुढे ठेवायला तुमच्या हाती तुमचाच पुरावा असेल.