पडद्यावरचे जंगल आणि दारातली खाडी

वर्गातल्या मोठ्या पडद्यावर गणवेशातला वनाधिकारी दिसतो, मुले प्रश्न विचारतात आणि तो थेट जंगलातून उत्तरे देतो. अमेरिकेत यलोस्टोनसारख्या राष्ट्रीय उद्यानांचे रेंजर दूरच्या शाळांतील मुलांशी असा संवाद साधतात. करोनाच्या काळात आपल्याकडेही शाळा आणि पालक ऑनलाइन तासांना सरावले. त्यामुळे वनरक्षकाला असा वर्गात आणणे आता अवघड राहिलेले नाही. हा उपक्रम स्वागतार्हच आहे. मात्र तो कशासाठी करायचा, हे आधी ठरायला हवे. आरोग्याच्या दृष्टीने हा प्रश्न किरकोळ नाही.

नवी मुंबईतील तळवलीचे उदाहरण घ्या. एका अंगाला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी आणि मध्ये रेल्वे, कारखाने व इमारतींची दाटी. या खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा भाग ऑगस्ट २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. शेजारच्या ऐरोलीत वन विभागाच्या कांदळवन कक्षाचे जैवविविधता केंद्र आहे आणि हंगामात तिथून रोहित पक्षी पाहण्यासाठी बोटी सुटतात. जे पाहायला लोक लांबून येतात, ते तळवलीच्या मुलांनी केवळ पडद्यावर पाहिले, तर त्याला तंत्रज्ञानाचे यश म्हणता येणार नाही.

याचे पहिले कारण मुलांचे डोळे. लघुदृष्टीत डोळ्याचा गोळा प्रमाणाबाहेर लांबतो आणि दूरचे अंधुक दिसू लागते. चष्म्याने दिसते, पण लांबलेला डोळा पूर्ववत होत नाही. नंबर फार वाढला तर पुढे पडदा सरकणे, काचबिंदू यांसारख्या विकारांचा धोकाही वाढतो. चीनमधील ग्वांगझू शहरातील १२ शाळांत पहिलीच्या मुलांसाठी एक प्रयोग झाला. त्यांपैकी निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटांचा मैदानावरचा तास वाढवला. तीन वर्षांनी नव्याने लघुदृष्टी झालेल्यांचे प्रमाण या शाळांत ३०.४ टक्के, तर इतर शाळांत ३९.५ टक्के होते. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तैवानने तर २०१० पासून शाळकरी मुलांनी रोज दोन तास बाहेर घालवावेत, असा राष्ट्रीय कार्यक्रमच राबवला.

यामागचे मुख्य कारण उजेड असावे, असे मानले जाते. वर्गात साधारण ३०० ते ५०० लक्स उजेड असतो, तर बाहेर झाडाच्या सावलीतही तो याच्या कित्येक पट असतो. तेजस्वी उजेडात डोळ्याच्या पडद्यातून डोपामिन स्रवते आणि त्यामुळे गोळ्याच्या लांब होण्याला आवर बसतो. पडद्यावर कितीही सुंदर जंगल दाखवा, हा उजेड तिथून मिळत नाही.

मग पडद्यावरचा वनरक्षक कशाला हवा? जे जवळून पाहणे धोक्याचे, त्यासाठी तो फार मोलाचा आहे. उदाहरणार्थ साप. भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू होत असल्याचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने मार्च २०२४ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात ठेवले आहे. डोंगर आणि कांदळवनाच्या मधल्या वस्तीत पावसाळ्यात साप घराशी येणारच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे कसे ओळखावेत, ते कुठे दडतात, हे वनरक्षक चित्रफितीतून उत्तम दाखवू शकेल.

त्याच तासाला जवळच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरही जोडले, तर पुढचे धडेही देता येतील. दंशाची जागा कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. हातपाय हलू न देता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे. साप पकडून आणण्याची गरज नाही, कारण आपल्याकडचे प्रतिविष या चारही सापांच्या विषावर चालते. मण्यार बहुधा रात्री झोपेत चावते, वेदना जेमतेम होते आणि खूणही दिसेलच असे नाही. सकाळी पापण्या जड होणे, पोटात दुखणे एवढेच दिसू शकते. ही एक माहिती मुलाने घरी सांगितली, तरी एखादा जीव वाचेल.

म्हणून या तासाची मांडणी अशी असावी. तो अर्ध्या तासाचा असावा आणि प्रत्येकाच्या मोबाइलवर नव्हे, तर वर्गातल्या एकाच मोठ्या पडद्यावर व्हावा. केंद्राच्या २०२० च्या ‘प्रज्ञाता’ सूचनांतही आठवीपर्यंतच्या मुलांसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांच्या दोनच ऑनलाइन तासांची मर्यादा होती. त्यानंतर पंधरवड्याच्या आत त्याच वनरक्षकाची प्रत्यक्ष भेट खाडीकाठी व्हावी. सहलीची वेळ शाळेच्या घंटेवर नव्हे, भरती-ओहोटीवर ठरवावी. ओहोटीला चिखल उघडा पडतो, तेव्हाच रोहित चरताना दिसतात. गावातल्या आगरी-कोळी वडीलधाऱ्यांना खाडीचे हे वेळापत्रक तोंडपाठ असते. त्यांनाही बोलवावे.

बस, परवानगी, जबाबदारी या शाळांच्या अडचणी खऱ्या आहेत. पण त्या शाळेने एकटीने सोडवायच्या नाहीत. महापालिकेचा शिक्षण विभाग आणि कांदळवन कक्ष यांनी मिळून हंगामाचे वेळापत्रक आखले आणि बसची सोय केली, तर हे सहज जमेल. सहल वर्षातून एकदा होईल. मैदानावरचा तास मात्र रोजच हवा, आणि त्याला तर परवानगीही लागत नाही.