कुत्र्यासाठी पैसे मागायला लाज कसली?

आज पिकाचं काही नाही.

मागच्या मंगळवारी रात्रपाळीची लाईट होती. उसाला पाणी धरायला निघालो, खंड्या नेहमीसारखा पुढं. सरीच्या तोंडाला कुकरच्या शिट्टीसारखा आवाज आला. बॅटरी मारेपर्यंत घोणस तोंडाला चावून गेली होती. अर्ध्या तासात थोबाड सुजून दुप्पट.

पोत्यात गुंडाळून मोटारसायकलवर तालुक्याला नेला. रात्री अकराला डॉक्टर उठून आले, तेच मोठं. म्हणाले, सापाची लस लागेल, सुरुवातीला चार बाटल्या, मग रक्त गोठतंय का बघून पुढचं. माणसाला देतात तीच लस. माणसाला सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते, कुत्र्यासाठी मेडिकलमधून विकत. सलाईन धरून पाच हजारांच्या आसपास. खिशात अकराशे.

आता खरं सांगतो. मी पायरीवर वीस मिनिटं नुसता बसून राहिलो. सापाच्या विषात वीस मिनिटं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. फोनमध्ये एवढे नंबर, पण कुत्र्यासाठी मागायचं कसं? दाजींना लावला तर हसले, "अरे, गावात पिल्लं फुकट मिळतात." शेवटी डेअरीवाल्या अण्णांकडं दुधाच्या बिलातून उचल मागितली आणि सांगितलं, गाय अडलीय. दोन मिनिटांत पैसे आले.

गाय म्हटलं की कोणी प्रश्न विचारत नाही. गाईचा विमा निघतो, कानात बिल्ला असतो. आणि ज्याच्या जिवावर आपण रात्री गोठा सोडून निवांत झोपतो, त्याच्या औषधाला पैसे मागताना आपल्याला खोटं बोलावं लागतं. माझं म्हणणं एवढंच आहे की पैसा नव्हता असं नाही, मागायला तोंड उघडत नव्हतं.

तर लाज सोडा आणि आधी डॉक्टरांनाच विचारा, आत्ता अर्धे दिले तर चालेल का. मी विचारलंच नव्हतं. नंतर तेच म्हणाले, "उरलेले बिल झाल्यावर दिले असते तरी चाललं असतं." ग्रुपवर मदत मागायची तर रडगाणं नको, डॉक्टरांची चिठ्ठी आणि मेडिकलचा क्यूआर टाका, पैसे थेट तिकडंच जाऊ देत. मग कोणी शंका घेत नाही, शंभर-दोनशे लोक टाकतात. १९६२ हा पशुसंवर्धनाचा टोल फ्री नंबर फोनमध्ये ठेवा, आणि आपल्या भागात गाडी किती वाजेपर्यंत येते, कुत्रं बघतात का, हे दिवसाउजेडी विचारून घ्या. (आणि हो, चावलेल्या जागी चुना लावणं, चिरा मारणं बंद करा.)

आमच्या वस्तीवर नऊ घरं आहेत, कुत्री अकरा. घरटी महिना ५० रुपयांची भिशी काढू म्हणतोय. वर्षाला ५,४०० होतात, म्हणजे एका रात्रीची सोय. दोन घरं अजून "बघू" म्हणतायत.

खंड्याचा खालचा ओठ सडून थोडा गळाला, पण कालपासून भाकरी खातोय.

परवा दूध घालायला गेलो तर अण्णांनी विचारलं, "गाय कशी आहे रे?" बरी आहे म्हणालो. अण्णा हे पेज वाचतात.