यादी फॉरवर्ड करण्याआधी

मे संपत आला की व्हॉट्सॲपवर चक्रीवादळाच्या तयारीची यादी फिरते. पाणी भरून ठेवा, टॉर्च, औषधं, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत, फोन फुल चार्ज. आम्ही संभाजीनगरकर. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून आमचे ड्रम बारा महिने भरलेले. (समुद्र तेवढा नाही.) अनुभवानं सांगतो, घराघराला पाणी साठवावं लागतं तेव्हा दुसऱ्या कुणाचं तरी काम आपल्या गच्चीवर चढलेलं असतं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं. वारा ताशी ११०-१२० किलोमीटर. पत्रे, कौलं उडाली, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडले. काही गावांत वीज यायला कित्येक आठवडे लागले. फुल चार्ज फोन त्यातला किती काळ टिकणार? मी ॲप बनवून पोट भरतो, तरी सांगतो, टॉवरची बॅटरी संपली की तुमचं अलर्ट ॲप नुसता आयकॉन उरतो.

यादी म्हणते छप्पर घट्ट करा. वासे बदलायचे पैसे कोण देणार, त्यावर गप्प. राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पात अलिबागच्या वीजतारा जमिनीखाली घालण्याचं काम घेतलं गेलं. म्हणजे उपाय सरकारला ठाऊक आहे. मग यंदा मेणबत्त्या मोजण्याआधी आमदाराला मेसेज टाका: आमच्या गावच्या तारा जमिनीखाली कधी जाणार?