आपली कामं

हल्ली माझं एक ठाम मत झालंय. प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी घरातली एक वस्तू स्वतःच्या हाताने करावी. कुठली म्हणाल, तर पलंगाची पाठ. दुकानात जिला हेडबोर्ड म्हणतात ती.

हीच का? कारण नवशिक्याला इतकी सांभाळून घेणारी दुसरी वस्तू नाही. खुर्ची डुगडुगली तर माणूस पडतो, कपाटाचं दार तिरकं बसलं तर रोज कुरकुरतं. या पाठीत ना खाचा ना सांधे, आणि मागची बाजू भिंतीशिवाय कोणाला दिसत नाही!

साहित्य कुठल्याही नाक्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे आणि गादीवाल्याकडे मिळतं. प्लायची शीट ८ बाय ४ फुटांची येते. ५ फुटी पलंगाला त्यातला ५ बाय २ चा तुकडा पुरतो. १२ एमएम जाडी बास. दुकानातच कापून मिळाला तर उत्तम. मग २ इंची फोम, सोफ्याचं जाड कापड, फेविकॉल एसआर, स्टेपल गन. कापड चारी बाजूंनी पाचसहा इंच जास्त घ्यायचं. पिना आधी प्रत्येक बाजूच्या मध्यावर मारायच्या, समोरासमोर ताणत कोपऱ्यांकडे जायचं, आणि कोपरे सगळ्यात शेवटी. टांगण्यासाठी लाकडाची एक पट्टी लांबीत ४५ अंशांत चिरून घ्यायची. एक भाग भिंतीला, दुसरा फळीच्या मागे, की वरून नुसती अडकवायची. मागे थोडी फट राहते, पावसाळ्यात भिंतीला ओल धरणाऱ्या आपल्या घरांत ती बरीच. उंची मोजताना मात्र गादी घालूनच मोजायची, नाहीतर निम्मी पाठ गादीमागेच जाते.

आमच्या घरी मी हे सगळं मांडून बसले तेव्हा एक जवळचे नातेवाईक म्हणाले, "अगं, सुताराला बोलाव ना! ही काय आपली कामं आहेत का?"

त्यातला 'आपली' हा शब्द माझ्या मनातून जात नाही. (काका, तुम्ही हे वाचताय, माहितीये मला. रागावू नका.) कुठली कामं आपली आणि कुठली त्यांची हे आपल्याकडे फार पूर्वीच वाटून झालंय. गावगाड्यात सुतार बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर नांगर, पाभर, गाडी दुरुस्त करायची आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा. बलुतं गेलं, पण हाताने काम करणारा वेगळा आणि वहीत लिहिणारा वेगळा ही समजूत काही गेली नाही. शाळेत कार्यानुभव नावाचा विषय होता तोही आपण पाकिटं चिकटवण्यात आणि मार्क मिळवण्यात संपवला.

आता कोणी म्हणेल, पैसे वाचतात म्हणून करतेस. तसं काही नाही हो. उरलेली शीट, स्टेपल गन, ड्रिलचं भाडं हे सगळं धरलं तर फार काही वाचत नाही. आणि सगळ्यांनी सगळं घरीच करावं, असंही माझं म्हणणं नाही. मग सुताराने काय करायचं?

माझं म्हणणं उलट आहे. स्वतः गुण्या लावून पाहिला की कळतं, आपल्या खोलीचा एकही कोपरा काटकोनात नाही आणि भिंत ओळंब्यात नाही. तरीही सुताराचं कपाट तिथे सरळ बसतं. ते कसं, हे हातात करवत घेतल्याशिवाय उमगत नाही. "दोन फळ्या तर ठोकायच्यात, एवढे कसले?" हे वाक्य आपल्या घरांतून किती सहज येतं! मॉलमधल्या पाटीवरची किंमत आपण मुकाट्याने मोजतो आणि दिवसभर वाकून रंधा मारणाऱ्याशी शंभर रुपयांवरून हुज्जत घालतो. एक पाठ स्वतः केलेला माणूस ते वाक्य पुन्हा तोंडातून काढणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

तेवढ्यासाठी तरी एक रविवार घालवायला काय हरकत आहे? बघा करून, आणि केलीत तर नक्की कळवा.