मुदतीची मर्यादा की कामाचा हिशेब?

नागरी सहकारी बँकेचा सामान्य संचालक सलग दहा वर्षांहून अधिक काळ पदावर राहू शकत नाही. पूर्वी ही मर्यादा आठ वर्षांची होती. २०२५ मध्ये ती वाढविण्यात आली, पण काढून टाकण्यात आली नाही. ठेवीदारांच्या पैशाबाबत एवढी दक्षता घेणाऱ्या संसदेने स्वतःच्या सदस्यांना मात्र असे कोणतेही बंधन घातलेले नाही. घटनेच्या ८३व्या कलमाने लोकसभेची मुदत पाच वर्षांची ठरविली. एका व्यक्तीने किती वेळा निवडून यावे, याविषयी घटनेने मौन पाळले आहे. खासदारांनाही दोन किंवा तीन मुदतींची मर्यादा घालावी, ही मागणी म्हणूनच सकृद्दर्शनी न्याय्य वाटते. तथापि ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीचा अनुभव पाहता हा उपाय रोगाच्या मुळाशी जात नाही, असेच म्हणावे लागते.

प्रकाश परांजपे ठाण्यातून १९९६, १९९८, १९९९ आणि २००४ असे चार वेळा निवडून आले. यांतील पहिल्या दोन लोकसभा अल्पायुषी ठरल्या. तीन मुदतींचा नियम असता, तर जेमतेम आठ वर्षांच्या कारकिर्दीनंतर २००४ मध्ये ते अपात्र ठरले असते. मुदती मोजणे आणि वर्षे मोजणे यांतील हा फरक लहान नव्हे. २००८ मध्ये त्यांच्या निधनानंतर झालेल्या पोटनिवडणुकीत त्यांचे पुत्र आनंद परांजपे विजयी झाले. २००९ मध्ये नव्या कल्याण मतदारसंघाने प्रथम त्यांनाच निवडून दिले. २०१४ पासून तेथून एकनाथ शिंदे यांचे पुत्र श्रीकांत शिंदे सलग तीनदा विजयी झाले आहेत. हे सर्व कौल मतदारांनी दिलेले आहेत आणि त्यांच्या वैधतेविषयी शंका नाही. प्रश्न एवढाच की, मर्यादा व्यक्तीला घालता येते, घराला नाही. प्रभागाचे आरक्षण बदलले की उमेदवारी पतीकडून पत्नीकडे जाते, हे महापालिकेच्या मतदाराला नवीन नाही. फिलिपाइन्सच्या १९८७ च्या घटनेने प्रतिनिधिगृहाच्या सदस्यांना सलग तीन मुदतींची मर्यादा घातली; पण तेथील राजकीय घराणी त्यामुळे क्षीण झाली नाहीत.

दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. मधू दंडवते १९७१ पासून राजापूरमधून सलग पाच वेळा लोकसभेवर गेले. दोन मुदतींचा नियम असता, तर १९८० मध्येच संसदेचे दार त्यांना बंद झाले असते. कोकण रेल्वेचा आग्रह त्यांनी वर्षानुवर्षे धरला आणि १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, तेव्हा ते अर्थमंत्री होते. अर्थसंकल्पाचे आकडे वाचणे आणि सचिवांना अडचणीचे प्रश्न विचारणे ही विद्या एका निवडणुकीत अवगत होत नाही. सभागृह वरचेवर नवखे राहिले, तर सत्ता मतदाराकडे न येता फायलींवर शेरे मारणाऱ्यांकडे जाते. आणि दंडवत्यांना थांबविण्यासाठी कायद्याची गरज पडली नाही. १९९१ मध्ये मतदारांनीच त्यांचा पराभव केला.

मग उणीव कशाची आहे? ती हिशेबाची आहे. रामभाऊ म्हाळगी १९७७ आणि १९८० मध्ये याच ठाण्यातून लोकसभेवर गेले. आपल्या कामाचा वार्षिक अहवाल छापून मतदारांपुढे ठेवण्याचा त्यांचा प्रघात होता. जे त्यांनी स्वेच्छेने केले, ते आज कायद्याने सक्तीचे व्हावे. सभागृहातील उपस्थिती, विचारलेले प्रश्न, विधेयकांवर घेतलेली भूमिका आणि वर्षाला मिळणाऱ्या पाच कोटींच्या स्थानिक विकास निधीतील प्रत्येक कामाची स्थिती यांचा वृत्तान्त दरवर्षी मराठीतून प्रसिद्ध व्हावा आणि त्यावर प्रत्येक शहरात जाहीर सभेत प्रश्न विचारण्याची सोय असावी. यांतील बरीच माहिती सरकारदरबारी असतेच. डोंबिवलीहून सकाळची लोकल गाठणाऱ्या नोकरदाराच्या हाती मात्र ती आपसूक पडत नाही.

कारकुनाच्या कामाचा अहवाल दरवर्षी लिहिला जातो. शिक्षकालाही तपासणीला सामोरे जावे लागते. खासदाराने किती वर्षे काम करावे, हे मतदारांनी खुशाल ठरवावे. त्यासाठी त्याने काय काम केले, हे मात्र त्यांना आधी कळले पाहिजे.