हिरवळ राखावी, हातही राखावा

जबलपूर शहरातून ग्वारीघाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागले, की नर्मदा जवळ आल्याची चाहूल लागते. पूजेच्या सामानाची दुकाने दिसू लागतात, संध्याकाळच्या आरतीला निघालेली कुटुंबे भेटतात. याच भागात पुढे चार झाडे आणि थोडीशी हिरवळ राखून असलेली घरेही आहेत. जबलपुरात पिढ्यानुपिढ्या स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबे आहेत. त्यांपैकीच एका घराची कल्पना करू.

घरात निवृत्त सासरे, सासूबाई, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. समोर हजारेक चौरस फुटांची हिरवळ. आजवर माळी महिन्यातून दोनदा येऊन हाताच्या कात्रीने ती कापून देत असे. आता त्याचेही वय झाले. म्हणून मुलाने बॅटरीवर चालणारे गवत कापण्याचे यंत्र आणले. ना पेट्रोलचा वास, ना दोरी ओढून सुरू करण्याची खटपट, ना मागे लोंबणारी वायर. सासऱ्यांना तर ते खेळण्यासारखेच वाटले.

यंत्र आले जुलैत. पंधरा दिवस पावसाची झड होती आणि गवत वीतभर वाढलेले. पाऊस थांबल्याबरोबर सासरेबुवांनी यंत्र बाहेर काढले. चार पावले गेले आणि थांबले. ओल्या गवताचा लगदा पोटात अडकला होता. त्यांनी यंत्र कलते केले आणि लगदा काढायला हात आत घातला. ओट्यावरून सून ओरडली, "बाबा, हात काढा! आधी किल्ली आणि बॅटरी काढा!"

काही झाले नाही. पण होऊ शकले असते. बॅटरीच्या यंत्राचा मोठा धोका हाच, की ते धोक्याचे वाटत नाही. पेट्रोलचे यंत्र धडधडत असते, त्यामुळे माणूस आपोआप चार हात दूर राहतो. हे मात्र थांबले की अगदी गप्प होते. पाते लगद्यात अडकलेले असते, बॅटरी जोडलेली असते आणि लिव्हरला चुकून धक्का लागला तर तेच पाते पुन्हा फिरू लागते. चालू असताना त्याचे मिनिटाला तीन हजारांच्या आसपास फेरे होतात. लिव्हर सोडल्यावरही ते क्षणभर फिरत असते, हे विसरू नये.

म्हणून घरातल्या प्रत्येकाने एक नियम पाठ करावा. हात घालायच्या आधी किल्ली बाहेर, बॅटरी बाहेर. मग यंत्र आडवे करावे आणि लगदा हाताने नव्हे, लाकडी काठीने काढावा. काम झाल्यावर किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही अशा उंच खिळ्याला टांगावी.

थोडे कापावे, वरचेवर कापावे

गवत कापण्याचे यंत्र काही आजचे नाही. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या स्ट्राउड गावी एडविन बडिंग याने १८३० मध्ये ते पहिल्यांदा तयार केले. कापडगिरणीत लोकरी कापडावरची लव कातरणारे यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली. लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली ती १९९१ मध्ये. ती घडविणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हलक्या वजनात पुरेशी वीज साठू लागली, म्हणूनच हे यंत्र वायरीपासून सुटले. ओल्या गवतात वायर कापली जाऊन विजेचा धक्का बसण्याची भीती गेली, हा त्याचा खरा फायदा आहे.

पण त्याची ताकद बेताची असते, हे ओळखून वापरले पाहिजे. घरगुती यंत्राला ३६ व्होल्ट, ४ अँपिअर-तासाची बॅटरी असली, तर तिच्यात १४४ वॉट-तास वीज मावते. ती पूर्ण भरायला विजेच्या एका युनिटाचा साधारण पाचवा हिस्सा लागतो. कोरडे आणि बेताच्या उंचीचे गवत असेल, तर हजार चौरस फुटांचे काम पंधरा-वीस मिनिटांत होते आणि बॅटरी पुरून उरते. तेच गवत वीतभर आणि ओले असले, की तीच बॅटरी अर्ध्या वाटेत मान टाकते.

जबलपूरकडची अडचण अशी, की जूनअखेरपासून सप्टेंबरपर्यंत गवत सर्वांत जोमाने वाढते आणि नेमके त्याच दिवसांत ते कोरडे सापडत नाही. त्यावर उपाय एकच. थोडे कापावे, पण वरचेवर कापावे. पावसाळ्यात आठवड्याची वाट न पाहता, दोन-तीन दिवसांची उघडीप मिळाली की दुपारनंतर अर्धा तास काढावा. सकाळी दव असते, तेव्हा कापू नये. जमीनही पाहावी. काळी चिकण माती ओली असताना चाके रुततात आणि हिरवळीवर चर पडतात. पाय ठेवल्यावर पाणी वर आले, तर त्या दिवशी यंत्र बाहेर काढू नये.

किती कापावे, याचाही सोपा हिशेब आहे. एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. हरळी तीन-चार सेंटिमीटर राखायची असेल, तर ती पाच-सहा सेंटिमीटर झाली की कापावी. गवत हाताबाहेर गेलेच असेल, तर पहिल्या दिवशी यंत्र सर्वांत वरच्या खाचेवर ठेवून नुसते शेंडे उडवावेत. दोन-तीन दिवसांनी एक खाच खाली यावे. एकदम बुडाशी कापले, की पिवळे ठिगळ दिसू लागतात आणि मोकळ्या जागी तण शिरते.

तणाचे नाव निघाले, तर देशातील तण संशोधन संचालनालय जबलपुरातच आहे. १९८९ मध्ये ते राष्ट्रीय केंद्र म्हणून सुरू झाले. गाजरगवत तर आता कोणाच्याही कुंपणाशी उगवते. त्यावरून यंत्र फिरवून काम भागत नाही. फुलावर आलेले झाड कापले, तर बी अंगणभर पसरते. ते फुलण्याआधीच हातमोजे घालून मुळासकट उपटावे, कारण अनेकांच्या त्वचेला त्याची खाज सुटते. लव्हाळ्याचे शेंडेही यंत्राने कापले जातात, पण जमिनीतल्या गाठी तशाच राहतात. तिथे खुरपेच हवे.

बॅटरीलाही ऊन लागते

पावसाळ्यात यंत्र जपावे लागते, तर उन्हाळ्यात बॅटरी. मे महिन्यात जबलपूरचा पारा चाळिशीच्या वर असतो. अशा वेळी पत्र्याच्या शेडमध्ये किंवा मोटारीच्या डिकीत बॅटरी ठेवली, तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. तिची जागा घरात, सावलीत, उशागादीपासून आणि देवाच्या दिव्यापासून दूर. चार्जिंग सकाळी लवकर करावे. काम संपल्यावर बॅटरी गरम असते, तेव्हा लगेच चार्जरला न लावता अर्धा तास निवू द्यावी. चार्जर कंपनीने दिलेलाच वापरावा.

थंडीत हरळीची वाढ मंदावते. डिसेंबर-जानेवारीत तीन-चार आठवडे यंत्र हलले नाही, तरी चालते. त्या वेळी बॅटरी पूर्ण भरून ठेवू नये आणि पूर्ण रिकामीही ठेवू नये. निम्मी भरून, यंत्रातून काढून ठेवावी. यंत्र कधीही नळीच्या पाण्याने धुऊ नये. बॅटरी काढून ब्रशने झाडावे आणि ओलसर फडक्याने पुसावे.

पात्याची धार गेली, की गवत कापले न जाता फाटते आणि दुसऱ्या दिवशी शेंडे तपकिरी दिसतात. मोसमातून एकदा पाते काढून धार लावणाऱ्याकडे द्यावे. परत आल्यावर मधल्या भोकातून ते खिळ्याला टांगून पाहावे. एक बाजू खाली झुकली, तर तिकडून थोडे अजून घासायला हवे, नाहीतर यंत्र थरथरते.

खरेदी करताना दुकानदाराला दोन प्रश्न जरूर विचारावेत. नवी बॅटरी सुटी मिळते का आणि तिची किंमत काय? कारण यंत्राच्या किमतीचा बराच भाग बॅटरीतच असतो आणि काही वर्षांनी ती बदलावीच लागते. जुनी बॅटरी कचऱ्याच्या गाडीत टाकू नये. ती चेपली गेली, तर पेट घेऊ शकते. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

माळीबुवांचे काय?

त्या घरात यंत्र आल्यावर दुसरा प्रश्न निघाला. मुलगा म्हणाला, "आता माळ्याचे काय काम, आई?"

सासूबाई म्हणाल्या, "गवत कापले म्हणजे बाग झाली का रे? गुलाबाची छाटणी तू करणार आहेस? कुंपण कोण कातरणार? त्यांनाच शिकव हे यंत्र चालवायला. या वयात वाकून वाकून कंबर मोडली त्यांची."

सासूबाईंचे म्हणणे विचार करण्यासारखे आहे. यंत्राने माणसाचे कष्ट वाचवावेत, त्याची रोजी नव्हे. मात्र माळ्याच्या हाती यंत्र देताना नियमही समजावून द्यावेत. पायांत चपला नव्हे, बूट असावेत. आधी हिरवळीवरून एक फेरी मारून खडे, गोट्या, तारेचे तुकडे, पाण्याची नळी उचलावी. पावसाळ्यात काठीने गवत हलवून पाहावे. बेडूक असतात आणि कधी त्यांच्यामागे आलेला सापही असतो. आणि यंत्र चालू असताना नातवंडे घरात.

कापलेले कोरडे बारीक गवत हिरवळीवरच विखुरले, तर ते कुजून खत होते. ओल्या लगद्याचे ढीग मात्र राहू देऊ नयेत. खालचे गवत गुदमरते आणि बुरशी येते. तो लगदा वाळवून झाडांच्या बुंध्याशी पसरावा किंवा खतखड्ड्यात टाकावा. नाल्यात लोटला, तर पाणी तुंबते आणि सुटलेला कचरा वाहत शेवटी नदीकडेच जातो. नर्मदेच्या काठी राहणाऱ्यांनी तरी ते करू नये.

आणखी एक गोष्ट सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावली. कुंपणाकडेचा हातभर कोपरा कापायचा नाही. हिरवळीची हरळी म्हणजेच आपल्या दूर्वा. भाद्रपदात गणपतीला एकवीस दूर्वांची जुडी वाहायची, तर कोवळे लांब अंकुर कुठून आणायचे? सुनेने त्या कोपऱ्यावर दोन विटा आडव्या लावल्या. सासरेबुवा आता यंत्र घेऊन त्या विटांपर्यंत जातात, लिव्हर सोडतात, पाते थांबेपर्यंत उभे राहतात आणि किल्ली काढून खिशात टाकतात.